चाळीस घरांचा तक्ता

१९५९ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जालन्याला बारा शिक्षकांचा एक वर्ग भरला. मुलांनी पुढं काय शिकावं, कोणता धंदा धरावा, मधूनच शाळा का सोडू नये, हे मुलांना आणि त्यांच्या आईबापांना नीट सांगू शकतील असे मास्तर तयार करायचे होते. सरकारी कागदावर त्यांना ‘मार्गदर्शक शिक्षक’ म्हटलं होतं. वर्ग सहा आठवड्यांचा होता आणि शिकवायला पुण्याहून उषाबाई लिमये आल्या होत्या.

टाकळखेड्याचा मच्छिंद्र सपकाळ त्या बारांतला एक. टाकळखेडं हे पिंपळगाव रेणुकाईपासून दोन कोसांवरचं गाव. शाळा चौथीपर्यंत, मास्तर दोन. मच्छिंद्र घरचा शेतकरी, निजामाच्या राज्यात भोकरदनला उर्दूतून शिकलेला. वय छत्तीस. त्याचं अक्षर वळणदार होतं, हिशेब तोंडी यायचा, आणि गावात कुणाला अर्ज लिहायचा असो की मुलाचं कसं करावं हे विचारायचं असो, लोक त्याच्याकडंच यायचे. त्यामुळं बोलावणं आलं तेव्हा त्याला फारसं नवल वाटलं नाही. आपण जे वर्षानुवर्षं करून राह्यलो त्याला आता सरकारी नाव मिळणार, एवढंच त्याला वाटलं.

उषाबाई चाळिशीच्या होत्या. सुती नऊवारी, डोळ्यांवर चष्मा, आवाज लहान. पहिल्या दिवशी मास्तरांना वाटलं, बाई मुलांच्या मनाविषयी काहीबाही सांगतील. बाईंनी फळ्यावर चार उभ्या काड्या काढल्या आणि पाचवी त्यांच्यावर आडवी मारली.

“सल्ला देण्याआधी मोजायला शिका,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं. आपापल्या वर्गातला गणितात सगळ्यात कच्चा विद्यार्थी कोण, ते आठवून कागदावर लिहायचं. प्रत्येकानं सोबत आणलेलं गुणपत्रक त्यानंतर उघडायचं. बारा जणांपैकी आठ जणांचं उत्तर चुकलं. कुणी खोडकर मुलाचं नाव लिहिलं होतं, कुणी मुकाट बसणाऱ्या मुलाचं. मच्छिंद्रचं उत्तर बरोबर आलं. बाई त्याच्याकडं बघून हसल्या, तेव्हा त्यानं मान खाली घातली. पण आतून तो फुलला होता.

वर्गात दोनच स्त्रिया होत्या. त्यातली एक बसंतीबाई, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, सुरजमल शेठची मुलगी. तिचं घराणं राजस्थानातून येऊन पाच पिढ्या जालन्यात राहिलेलं. घरच्यांचा विरोध पत्करून ती मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिला सरासरी लवकर उमगायची नाही. मच्छिंद्र तिला समजावून सांगायचा. “औसत म्हणा ना, सरासरी म्हणजे औसतच,” असं तो म्हणाला तेव्हा तिला एकदम कळलं आणि ती खूश झाली. त्या दिवसापासून ती त्याला मानानं गुरुजी म्हणू लागली.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना गावी धाडलं. मागच्या तीन वर्षांत ज्या मुलांनी शाळा सोडली त्यांची नावं हजेरीपटातून काढायची. प्रत्येकाच्या घरी जायचं. सगळीकडं तेच आठ प्रश्न, त्याच शब्दांत विचारायचे आणि उत्तर कार्डावर उतरवून घ्यायचं. आठवा प्रश्न होता, शाळा का सोडली. घर बंद असलं किंवा कुणी सांगितलं नाही, तर रकाना कोरा ठेवायचा.

“कोरा रकाना ही लाजेची गोष्ट नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्याला काय माहीत नाही तेही आपल्याला माहीत असलं पाहिजे.”

मच्छिंद्र गावी आला तेव्हा आखाजीचे, अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या. लिंबांना झोके बांधलेले. ऊन उतरलं की झोक्यावरची गाणी गावभर ऐकू यायची. त्यानं शाळेचं कुलूप काढलं, पट काढले आणि नावं लिहायला बसला. मोजून चाळीस भरली. कार्डावर चौथीचे गुणही लिहायचे होते, म्हणून त्यानं गुणांचं पुस्तक उघडलं.

छप्पन सालच्या पानावर त्याचा हात थांबला. वर्गात दोन तुळजा होत्या. एक कारभारीची आणि एक कडूबाची. कारभारीच्या तुळजाला गणितात पन्नासपैकी एक्केचाळीस होते, भाषेत अडतीस, आणि वर्गात दुसरा नंबर. कडूबाच्या तुळजाला गणितात अकरा. हे सगळं त्याच्याच अक्षरात होतं.

आणि त्याला तो बाजाराचा दिवस आठवला.

तीन वर्षांपूर्वी, वर्षाची शाळा संपायच्या सुमाराला, पिंपळगावच्या बाजारात कारभारी त्याला भेटला होता. मच्छिंद्र वांगी निवडत होता, आणि कारभारी टोपी हातात घेऊन शेजारी उभा राहिला. तुळजाला पाचवीला पिंपळगावला घालावं म्हणतो, दोन कोस चालत जाईल, पण तिचं चालेल का, तेवढं गुरुजींनी सांगावं, असं त्यानं विचारलं. तुळजा म्हटल्यावर मच्छिंद्रच्या डोळ्यांसमोर कडूबाची पोरगी आली, मागं बसणारी, पाटीवर नुसत्या रेघोट्या मारणारी. त्यानं वांगी टोपलीत टाकता टाकताच सांगितलं होतं, “तिच्या डोक्यात काय बसत न्हाई, कारभारी. उगंच पायपीट कशाला? घरी ठेवा.” कारभारीनं मान हलवली आणि तो निघून गेला. वांगी निवडायला जेवढा वेळ लागला तेवढाही त्या बोलण्याला लागला नव्हता. संध्याकाळपर्यंत मच्छिंद्र ते विसरूनही गेला होता.

त्यानं पुस्तकाचं पान उलटलं, परत मागं आला. कडूबाच्या तुळजाच्या नावापुढं शेरा होता: पाचवीसाठी दाखला दिला. कडूबानं कुणाला विचारलंच नव्हतं. नुसतं पोरीला पिंपळगावला नेऊन बसवलं होतं. ती आता सातवीत होती.

शाळेत दुसरं कुणी नव्हतं, तरी मच्छिंद्रनं इकडंतिकडं बघितलं. थोडा वेळ तो स्वतःला सांगत राहिला, कारभारीनंच नीट सांगायला पाहिजे होतं कोणती तुळजा ते. पण बाप पोरीबद्दल विचारतो तेव्हा ती कुणाची, हे त्यानं वेगळं काय सांगायचं?

पुढचे तीन दिवस तो घरोघर फिरला. वरच्या आळीतली, वेशीजवळची, मळ्यातली मिळून सव्वीस घरं झाली. लोक बसायला घोंगडी टाकायचे, चहा द्यायचे, जमेल तसं उत्तर द्यायचे. खालच्या आळीतली चौदा घरं राहिली. कारभारीचं घर त्या आळीत पहिलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो कार्डं घेऊन आळीच्या तोंडाशी गेला. कारभारीच्या दारातल्या लिंबाला झोका होता. पोरी गात होत्या. तुळजाचं मागल्या वर्षी लग्न झालं होतं, शहागडला दिली होती, हे त्याला ऐकून माहीत होतं; ती सणाला आली असणार हेही त्याला कळत होतं. आठवा प्रश्न त्याच शब्दांत विचारायचा होता. शाळा का सोडली? तो प्रश्न आपल्या तोंडून तिच्यासमोर निघतोय असं त्यानं मनात आणून बघितलं. कुणीतरी बघेल म्हणून त्यानं धोतराचा सोगा झटकल्यासारखं केलं आणि तो मागं वळला.

ती चौदा कार्डं त्यानं शाळेत बसून भरली. काम अवघड नव्हतं. सगळी माणसं माहितीची. घरात किती भावंडं, बाप काय करतो, हे त्याला न विचारताच ठाऊक होतं. शाळा का सोडली याची उत्तरं त्यानं आलटून पालटून लिहिली: शेतीकाम, घरकाम, ढोरांमागं, लहान भावाला सांभाळायला. एकसारखी दिसू नयेत म्हणून तीन कार्डं पेन्सिलीनं भरली, बाकीची शाईनं. तुळजाच्या कार्डावर त्यानं ‘लग्न’ लिहिलं. शाळा सोडल्यावर दोन वर्षांनी लग्न झालं होतं. शाई वाळेपर्यंत तो ते कार्ड धरून बसला.

जालन्याला परतल्यावर सगळ्यांनी आपापले तक्ते केले. काड्या मारल्या, बेरजा केल्या, टक्के काढले. मोठ्या कागदावर रेघा आखून रंगीत खडूनं आलेख काढले. मच्छिंद्रचा तक्ता सगळ्यांत नीटनेटका झाला. एकही रकाना कोरा नव्हता. उषाबाई त्याच्यापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या.

“चाळीसपैकी चाळीस? एकही घर बंद नव्हतं?”

“न्हाई, बाई. आखाजी होती ना. सगळे घरीच होते.”

बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या माणसाकडं गेल्या. एवढ्या चटकन खोटं कसं सुचलं, याचं मच्छिंद्रलाच आश्चर्य वाटलं. त्यातलं अर्धं तर खरंच होतं. सगळे घरीच होते.

मे महिन्याच्या शेवटी औरंगाबादहून शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब तक्ते बघायला आले. सभागृहात दोऱ्या बांधून त्यांवर कागद लटकवले होते. साहेब एकेका कागदापुढं थांबत होते, मागं बारा मास्तर आणि उषाबाई. शाळा सोडण्याच्या कारणांत एक रकाना होता, ‘शिक्षकांचं मारणं किंवा बोलणं’. बहुतेकांच्या तक्त्यात तिथं दोन, तीन, चार असे आकडे होते. मच्छिंद्रच्या तक्त्यात शून्य होतं.

साहेबांनी त्या शून्यावर बोट ठेवलं. अशी शाळा असावी, ते म्हणाले. तक्ताही आदर्श, शाळाही आदर्श. जूनमध्ये तालुक्याच्या शाळेत मार्गदर्शक शिक्षकाची पहिली जागा भरायची आहे, ती याच गुरुजींना द्यावी अशी शिफारस आपण करू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा तक्ता बसंतीबाईचा होता. छत्तीस मुली, त्यात सहा रकाने कोरे, रेघा थोड्या वाकड्या. आणि त्या एका रकान्यात नऊ.

साहेबांचा चेहरा बदलला. नऊ म्हणजे चौथा हिस्सा झाला, ते म्हणाले. मुलींच्या शाळेत बाया शिकवतात आणि तिथं ही तऱ्हा? की घरच्यांनी काहीही सांगितलं आणि बाईंनी डोळे मिटून लिहून घेतलं? आणि हे सहा कोरे कशामुळं? सपकाळ गुरुजींना जमलं ते शहरात राहणाऱ्या बाईंना का जमू नये?

बसंतीबाईचा पदर डोक्यावरून जरा पुढं आला होता. तिनं तो मागं केला.

“घरच्यांनी जे सांगितलं तेच लिहिलं, साहेब,” ती म्हणाली. “बराबर आहे ते. त्या नऊमधल्या तीन मुली माझ्या आहेत. माझ्याच बोलण्यानं गेल्या.”

साहेबांनी घसा साफ केला आणि ते पुढं सरकले. मच्छिंद्र तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. आत्ता बोलावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बोलला असता तर बसंतीबाईवरचा ठपका तरी उतरला असता. पण तो उभाच राहिला, आणि टाळ्यांना नमस्कार करायला जोडलेले त्याचे हात अजून तसेच एकमेकांत होते.

दुपारी जेवायला सगळे एकत्र बसले. बसंतीबाई मुद्दाम त्याच्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, टोमणाही नव्हता.

“गुरुजी, मला एक सांगा,” ती म्हणाली. “तुमच्या गावात एकाही लेकराला मास्तरचं बोलणं लागलं नाही, ते तुम्ही कसं सांभाळलं? मला शिकायचंय.”

मच्छिंद्रच्या तोंडात घास होता. गाव लहान आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. तिनं मान हलवली, जणू त्यातही शिकण्यासारखं काही होतं, आणि ती ताट उचलून गेली.

त्या संध्याकाळी त्यानं उषाबाईंकडं दोन दिवसांची रजा मागितली. घरी काम निघालंय, एवढंच सांगितलं. सकाळच्या मोटारीनं भोकरदन, तिथून एका गाडीवानाबरोबर पिंपळगाव, आणि पुढं पायी. दुपारी तो टाकळखेड्यात पोहोचला तेव्हा घरी न जाता तसाच खालच्या आळीत गेला. घरी गेलो तर परत निघणार नाही, असं त्याला वाटत होतं.

लिंबावरचा झोका सोडलेला होता. कारभारीची बायको साळूबाई ओसरीवर तूर पाखडत होती. गुरुजींना बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि पाणी आणून दिलं.

“तुळजा हाय का?”

“ती गेली की आठ दिस झाले. शहागडला. न्यायला आल्ते तिचे सासरे.”

मच्छिंद्रनं कोरं कार्ड काढलं. आठ प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे असं ठरवूनच तो आला होता. साळूबाई नीट विचार करून एकेक उत्तर देत गेली. आठवा प्रश्न आला तेव्हा ती त्याच्याकडं बघत राहिली, हे काय विचारून राह्यले अशी.

“तुमीच तर सांगितलं न्हवं का, गुर्जी. तिच्या डोक्यात काय बसत न्हाई म्हणून. मंग बंद केली.”

मच्छिंद्रनं ते शब्द कार्डावर उतरवले. अक्षर बिघडलं. मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि झालं ते सगळं सांगितलं. दोन तुळजा, बाजार, गुणांचं पुस्तक, एक्केचाळीस. तुमची पोरगी वर्गात दुसरी होती, तो म्हणाला. मी दुसऱ्याच पोरीचं तुमाला सांगितलं.

साळूबाईनं सूप जवळ ओढलं आणि तुरीत बोटं फिरवली.

“ती म्हणायची, मला येतं,” ती हळूच म्हणाली. “लई रडली त्या टायमाला. म्हणायची, आई, मला सगळं येतं, गुर्जींना इचार. आमी म्हणायचो, गुर्जीपेक्षा तुला जास्ती कळतं का? मंग कुठं काय सांडलं, काय इसरलं की आमी तेच बोलायचो. तुझ्या डोक्यात काय बसत न्हाई. दोन साल बोललो, गुर्जी. मंग तिनं म्हणायचं सोडून देलं.”

तेवढ्यात कारभारी शेतातून आला. त्यानं बैल बांधले आणि तो ओसरीच्या कडेला बसला. साळूबाईनंच त्याला सांगितलं. मच्छिंद्रला परत सांगायचं धैर्य झालं नाही. कारभारीनं सगळं ऐकलं. तो रागावेल, उठून अंगावर येईल असं मच्छिंद्रला वाटत होतं, आणि तसं व्हावं असंही वाटत होतं.

“तुमी वांगे घेऊन राह्यल्ते,” कारभारी म्हणाला. “मला वाटलं, घाईत हाय माणूस, पण खोटं कशाला सांगंल.” मग तो म्हणाला, “शाळंत चालत न्हाई म्हणलं, मंग ठिवून काय करायचं? म्हणून जल्दी लगीन लावलं.”

आपण शहागडला जाऊन तुळजाची माफी मागतो, असं मच्छिंद्र म्हणाला. साळूबाईनं घाईनं हात हलवला. सासरचे काय म्हणतील, मास्तर कशाला आला म्हणतील, पोरीच्या जिवाला उगी घोर. नका जाऊ. ही शेवटची वाटही बंद झाली, आणि ती बंद व्हावी असं वाटणारा एक कोपरा आपल्या मनात आहे, हे मच्छिंद्रला तिथंच कळलं.

उरलेली तेरा घरं त्यानं त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी केली. दोन घरांना कुलूप होतं; ते रकाने त्यानं कोरे ठेवले. एका घरात बापानं सांगितलं, गुर्जी, तुमीच पोराचा कान असा पिरगाळला होता की आठ दिस दुखत होता, मंग तो शाळंच्या वाटेलाच जाईना. दुसऱ्या घरात कारण निघालं ते शाळेतल्या दुसऱ्या, धाकट्या मास्तरचं बोलणं. खरी उत्तरं आणि त्यानं भरलेली उत्तरं ताडून बघितली तर चौदांपैकी तीनच जुळली. गावातल्या माणसांना आपण ओळखतो, असं तो इतकी वर्षं समजत होता.

जालन्याला परतला तो वर्गाचा शेवटचा दिवस होता. उषाबाई सामान बांधत होत्या. त्यानं जुनी चौदा कार्डं आणि नवी चौदा कार्डं त्यांच्यापुढं ठेवली. उभ्यानंच, अडखळत सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एकेक जोडी शेजारी शेजारी ठेवून त्या वाचू लागल्या. तुळजाच्या दोन कार्डांपाशी त्या थांबल्या. एकावर सुरेख अक्षरात ‘लग्न’. दुसऱ्यावर वेडंवाकडं, आईच्या शब्दांत.

“मी तुमचा तक्ता साहेबांना दाखवला,” त्या म्हणाल्या. “बसंतीबाईंना त्यांनी तुमचं नाव घेऊन सुनावलं, आणि मी गप्प बसले. मला शंका आली होती. विचारलं एकदा, तुम्ही उत्तर दिलंत, मी सोडून दिलं.”

“तुमची काय चूक, बाई?”

“ते मी बघेन. आज रात्री साहेबांना पत्र लिहावं लागेल. तुमच्या शिफारशीचं काय होईल ते तुम्हाला कळतंय ना?”

कळतंय, असं तो म्हणाला. बसंतीबाईलाही सांगा, बाई म्हणाल्या. तुमच्या वतीनं ते काम मी करणार नाही.

बसंतीबाई बाहेर इतरांबरोबर उभी होती. मच्छिंद्रनं तिला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. साहेब आले त्या दुपारी जेवताना तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर खोटं होतं, हेही सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा मिटत गेला.

“मी त्या दिवशी घरी जाऊन रडले,” ती म्हणाली. “मला वाटलं, एका खेड्यातले गुरुजी करू शकतात आणि मी नाही. शाळाच सोडावी वाटलं.” मग ती एकदम थांबली, कारण जे शब्द तिच्या तोंडून निघाले ते तिला त्या तीन मुलींच्या तोंडचे वाटले असावेत. तिनं त्याला गुरुजी म्हटलं नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. ती नमस्कार करून गेली.

जूनमध्ये ती जागा दुसऱ्याला मिळाली. टाकळखेड्यात बातमी पसरायला चार दिवस लागले. मास्तरनं खोटा कागद केला म्हणून हुकली, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंच होतं. दोघा तिघांनी तोंडावर विचारलं. त्यानं हो म्हटलं. बायको आठवडाभर धड बोलली नाही. गावात सांगत फिरायची काय गरज होती, असं तिचं म्हणणं होतं. अर्ज लिहायला लोक येत राहिले, पण मुलाचं कसं करावं हे विचारायला फारसं कुणी येईना. कुणी आलंच तर मच्छिंद्र त्याला बसवायचा, पट काढायचा, गुण वाचून दाखवायचा, वर्षभराची हजेरी मोजायचा, आणि शेवटी म्हणायचा, मला एवढंच माहीत हाय. लोकांना त्याचा कंटाळा यायचा. पूर्वीचे गुर्जी कसं पटकन सांगायचे, असं म्हणत ते उठायचे.

पुढच्या वर्षी, साठ साली, पिंपळगावच्या रेणुकादेवीच्या देवळात त्याला तुळजा दिसली. आखाजीला माहेरी आलेली, दोन बायकांबरोबर ओटी भरायला आली होती. अंगानं भरली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. पायऱ्यांवर समोरासमोरच गाठ पडली. तिनं वाकून नमस्कार केला आणि बरं हाय का म्हणून विचारलं. वर्षभर मच्छिंद्रनं या वेळेसाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकच तोंडातून निघालं.

“तुळजा, तू हुशार होतीस. चूक माझी झाली.”

“आईनं सांगितलं,” ती म्हणाली. तिनं पदर सारखा केला. “मागच्या आखाजीला तुमी आमच्या आळीपतूर आल्ते. मी झोक्यावर होते. मला वाटलं, आता येतेत. मी उतरून उभी राह्यले. मंग तुमी फिरले. का फिरले, गुर्जी?”

“लाज वाटली.”

ती विचारात पडल्यासारखी दिसली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, मायाही आली नाही. सोबतच्या बायका वरून हाका मारत होत्या.

“मला वाटलं, तुमी मला वळखलंच न्हाई,” ती म्हणाली आणि पायऱ्या चढून वर गेली.

मच्छिंद्र पायरीच्या कडेला सरकून उभा राहिला. येणारे जाणारे त्याला नमस्कार करत होते आणि तो प्रत्येकाला हात जोडत होता. ती परत खाली येईल तेव्हा आपण इथं असावं की नसावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं ती उतरली, बायकांशी बोलत, नारळाची वाटी हातात घेऊन. या वेळी तो तिथंच उभा होता. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं, वाटीतला तुकडा मोडून प्रसाद म्हणून त्याच्या हातावर ठेवला, आणि ती टाकळखेड्याच्या वाटेला लागली.